टेलपर्यंत शिडाची होडी

कालव्याच्या टेलचे शेतकरी ऑफिसच्या दारात सतरंजी टाकून बसले होते. त्यांच्या चपलांच्या ढिगातून वाट काढत एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आत आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम, तुमच्या कालव्यात पाणी किती खोल असतं?"

"कागदावर की कालव्यात?" मी विचारलं. सकाळपासून घोषणा ऐकून माझं डोकं उठलं होतं.

"होडीला कागद चालत नाही," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

हे कॅप्टन दिगंबर काकडे. सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर केलेली. निवृत्त होऊन सोलापुरात राहायला आलेले. मूळ गाव धोंडेवाडी, आमच्याच कालव्यावरचं. त्यांनी स्वतःच्या पार्किंगमध्ये प्लायवूडची एक सपाट बुडाची होडी बांधली होती आणि तिला शीड लावलं होतं. ती त्यांना आमच्या कालव्यातून न्यायची होती.

मी या कालव्यावर शाखा अभियंता आहे. कालवा इंग्रजांच्या काळातला, दुष्काळी कामावर खोदलेला. त्याचे दगडी पूल अजून हलत नाहीत. त्यानंतर बांधलेलं बरंच काही हललं. कालवा जिथे तलावातून निघतो त्या टोकाला आम्ही हेड म्हणतो आणि जिथे संपतो त्याला टेल. तलावातून पाणी कायम सोडत नाहीत, ठरावीक दिवस सोडतात. त्याला पाळी म्हणतात. पाळी सुरू असली की कालव्यात माणसाच्या कमरेइतकं पाणी असायला हवं. टेलला पोचेपर्यंत गुडघाभर राहिलं तरी चालतं.

अडचण अशी होती की टेलला घोटाभरही पोचत नव्हतं. हेडला आम्ही पाणी मोजून सोडत होतो. मोजमाप बरोबर होतं. पण शेवटचं गाव निंबगाव, तिथली चारी, म्हणजे शेतांना पाणी नेणारा छोटा पाट, कोरडी. मधे पाणी कुठे जातं ते कळत नव्हतं. वरून खुलासा मागितला की मी "जुना कालवा, गळती" असं लिहून पाठवत होते. जुन्या कालव्याला गळती असते, हे खरंच आहे. पण एवढी नसते. या खेपेस खुलाशाऐवजी माझ्या बदलीचं बोलणं सुरू झालं होतं.

"कशाला जायचंय होडीनं?" मी कॅप्टनना विचारलं.

"भाऊबीजेला. बहीण निंबगावला दिलीय."

"बस जाते की तिकडे."

"बसनं गेलोय मी. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. वरात कालव्याच्या पुलावरून गेली. मी बैलगाडीमागं पळत सांगितलं होतं, आक्का, मी होडीत बसून येतो तुझ्याकडं. पुढं सगळं जग होडीत बसून फिरलो. तेवढं एक राहिलं."

हे त्यांनी सहज सांगितलं, पत्ता सांगावा तसं. मी त्यांचा अर्ज घेतला आणि आमच्या साहेबांकडे गेले.

बिराजदार साहेब उपविभागाचे प्रमुख. शांत माणूस. कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं नाही, हे त्यांचं तत्त्व आहे आणि त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डवर त्याचा काहीही वाईट परिणाम झालेला नाही.

"मॅडम, याचा ड्राफ्ट करा," अर्ज वाचून ते म्हणाले.

"परवानगीचा की नकाराचा?"

"दोन्ही करा. वरून काय येतं बघू."

वरून आलं, "योग्य ती कार्यवाही करावी."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे साहेब, काही झालं तर आपण."

साहेब नकाराच्या ड्राफ्टवर सही करणारच होते. तेवढ्यात दारातल्या सतरंजीवरून एक जण उठून आत आला. टेलच्या शेतकऱ्यांचे पुढारी महादेवअण्णा. दारात बसलेल्या माणसाला आतलं सगळं ऐकू येतं.

"सायेब, द्या की परवानगी," अण्णा म्हणाले.

"तुमचा काय संबंध?"

"होडी टेलला आली म्हंजे पाणी आलंच की तिच्यासंगं. होडी निंबगावात लागली की आमी सतरंजी गुंडाळतो. न्हाई आली तर मग तुमच्या हापिसाला कुलूप. तुमची मोजमापं आमाला कळत न्हाईत. होडी डोळ्याला दिसती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग परवानगीचा कागद पुढे ओढला आणि त्यावर एक अट हाताने लिहिली: प्रवासात खात्याचा जबाबदार प्रतिनिधी होडीत उपस्थित राहील.

"कोण साहेब?" मी विचारलं.

"तुम्ही," साहेब म्हणाले.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती आणि रब्बीची पहिली पाळी लवकर सुटली, म्हणून हे जुळलं. पाडव्याच्या सकाळी आम्ही हेडला पोचलो. होडी टेम्पोतून आणली होती. शीड पांढरं होतं, मंडप शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेलं. ते सोलापुरी चादरीचं नव्हतं. हे मला पुढे दोन दिवस प्रत्येक पुलावर सांगावं लागलं.

"मला पोहता येत नाही," होडीत पाय ठेवण्याआधी मी कॅप्टनना सांगितलं.

"पाणी कमरेएवढं आहे, मॅडम. बुडायचं झालं तर तुम्हाला खाली बसावं लागेल."

मी बसले. होडी हलली, मग स्थिर झाली. बांधावर आमचा पाटकरी रेवणसिद्ध मोटरसायकल घेऊन उभा होता. पाटकरी म्हणजे कालव्यावर फिरून दारं उघडणारा-मिटवणारा माणूस. वारा पडला तर त्याने बांधावरून दोरीने होडी ओढायची, असं ठरलं होतं.

दोरीची गरज फारशी लागली नाही. थंडीच्या तोंडावर आमच्याकडे वारा पूर्वेकडून येतो आणि कालवा साधारण पश्चिमेला जातो. साधारण म्हणायचं कारण, जुने कालवे सरळ नसतात. जमिनीचा उतार जसा वळेल तसे ते वळतात, म्हणजे पाणी आपोआप, सावकाश वाहतं. त्यामुळे वारा कधी पाठीवर यायचा, कधी कानावर. प्रत्येक वळणावर कॅप्टन शिडाची दोरी थोडी सोडत, थोडी ओढत. चेहऱ्यावर काही नाही. हे गृहस्थ महासागरातून गेले होते आणि आता बेशरमीच्या झुडपांमधून चालले होते, पण लक्ष तितकंच होतं.

ते मला त्यांचे शब्द सांगत होते, मी त्यांना माझे. ड्राफ्ट म्हणजे होडीचा जेवढा भाग पाण्याखाली असतो तो. आमच्या ऑफिसात ड्राफ्ट म्हणजे सहीआधीचा कागद; तोही बराचसा पाण्याखालीच असतो. एक शब्द मात्र दोघांचा सारखा निघाला, फ्रीबोर्ड. होडीत पाण्यापासून होडीच्या काठापर्यंतची उंची, कालव्यात पाण्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंतची. दोन्हीकडे ती संपली की लोक पळतात.

पूल आला की डोलकाठी आडवी करायची. ती कॅप्टननी बिजागरी लावून तशीच बनवली होती. पुलावर माणसं जमलेली असत. धुणं धुणाऱ्या बायका बाजूला सरत आणि होडी गेली की परत आपटायला लागत. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, पगार वाढला का न्हाई, ह्यात बसवल्यात तर?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग उतर की."

ओढ्यावर आमचा जलसेतू आहे. म्हणजे कालव्यासाठी बांधलेला पूल: खालून ओढा, वरून कालवा. दगडी कमानी, वर पाण्याने भरलेला दगडी हौद, आणि त्यातून आमची होडी. खाली ओढ्यात म्हशी बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या डोक्यावरून गेलो. एका म्हशीने वर पाहिलं आणि मान परत खाली घातली. मी या जलसेतूची दुरुस्तीची एस्टिमेट्स अनेकदा केली आहेत. त्याच्यावरून असं कधी जाईन असं वाटलं नव्हतं. त्या दगडांना हात लावून बघितला. गार होते.

जलसेतूपर्यंत पाणी बरोबर होतं. गेज म्हणजे काठावर रोवलेली आकड्यांची पट्टी. ती बघत मी मान डोलावत होते. पुढच्या वळणानंतर होडीच्या बुडाखाली खट् असा आवाज झाला.

होडीला मधोमध एक उभी फळी असते. ती पाण्यात खाली सोडतात, म्हणजे वाऱ्याने होडी आडवी सरकत नाही. ती फळी कशाला तरी धडकली होती.

"दगड असेल," मी म्हटलं.

"दगडाचा आवाज असा येत नाही," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी वल्हं खाली घालून चाचपलं. मग बाही वर करून हात घातला आणि एक काळा प्लॅस्टिकचा पाइप वर उचलला. त्याच्या तोंडाला जाळी बांधलेली, आणि तरंगू नये म्हणून धोंडा. पाइप बेशरमीच्या झुडपांखालून बांधाच्या पोटात शिरला होता.

मी या बांधावरून जीपने कित्येक वेळा गेले आहे. जीपमधून बेशरम दिसते, तिची जांभळी फुलं दिसतात. पाण्याच्या बाजूने तिच्या खाली काय आहे, हे पाण्यात बसल्याशिवाय दिसत नाही.

"रेवणसिद्ध, हे काय आहे?" मी बांधाकडे बघून विचारलं.

रेवणसिद्ध मोटरसायकलवरून उतरला, खाली वाकून पाहिलं. "पाइप हाय, म्याडम."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"पलीकडं ऊस हाय त्याचा आसंल की."

"तुला माहीत नव्हतं?"

"म्याडम, मला ह्याच बांधावनं रोज एकट्यानं जायाचं आसतंय," तो म्हणाला.

मी मोबाईल काढून पाइपचा फोटो घेतला.

त्यानंतर आम्ही शीड अर्धं उतरवलं आणि सावकाश गेलो. कॅप्टन फळी मुद्दाम खाली ठेवत. खट् झालं की थांबायचं, मी मोबाईलवर फोटो काढायचा, रेवणसिद्धने जागा लिहून घ्यायची. पाइप निघतच गेले. काही जाड, काही बारीक. एकाच्या तोंडाला जाळीऐवजी जुनं बनियन बांधलं होतं. आणि प्रत्येक पाइपनंतर कालवा थोडा थोडा उथळ होत होता. मी जिला गळती म्हणत होते तिला तोंडं होती, आणि प्रत्येक तोंडापलीकडे कुणाचं तरी पीक होतं. बहुतेक ठिकाणी ऊस.

धोंडेवाडी जवळ आली तसा हलगीचा आवाज यायला लागला.

"नामानं केलं असणार," कॅप्टन म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदा ते जरासे हसले. नामदेव त्यांचा धाकटा भाऊ. घरची शेती तोच बघायचा. गावातल्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्षही तोच. ही संस्था म्हणजे कालव्याचं पाणी सगळ्यांना नीट वाटलं जातं की नाही हे बघणारी शेतकऱ्यांची समिती.

वळण पार केलं. काठावर मांडव होता, खुर्च्या होत्या, निम्मं गाव होतं. नामदेवराव हातात हार घेऊन पुढे उभे होते. आम्ही त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर असताना होडी थांबली. या वेळी फळी नव्हती लागली, अख्खं बूड टेकलं होतं. पाणी बाजूने खळाळत एका ठिकाणी जात होतं आणि तिथे भोवरा झाला होता.

कॅप्टन पाण्यात उतरले. पोटरीपर्यंत पाणी होतं. चालत भोवऱ्यापाशी गेले. तिथे सिमेंटचा पाइप होता, लहान मूल रांगत जाईल एवढा, नीट काँक्रीट करून बांधात बसवलेला. त्याच्या बरोबर वर नामदेवराव हार घेऊन उभे होते.

हलगीवाले वाजवत होते. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं.

"नामा, हे कुणाचं?" कॅप्टननी खालून विचारलं.

"दादा, वर ये आधी. लोकं थांबल्यात."

"कुणाचं?"

"आपलंच की."

"आपलं म्हणजे?"

"डाळिंबाला लागतंय पाणी. तूच म्हणलास न्हवं, बाग लाव म्हणून? बाग काय हवेवर येती व्हय?"

आता हलगी थांबली.

"अरे, हे पाणी खाली निंबगावला जातं. आक्काच्या रानात."

"मग मी काय आक्काला वाऱ्यावर सोडलंय का?" नामदेवराव म्हणाले, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "उन्हाळ्यात टँकर धाडला की मी तिला. इचार तिला. पाणी पायजे आसलं तर सांगायचं, अजून धाडला आसता."

मी होडीत बसून होते. काठावरच्या लोकांनी आता माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. मी उतरले. साडी पोटरीपर्यंत भिजली. पंचनामा करणं माझं काम होतं. पंच म्हणून दोन माणसं लागतात आणि त्या निम्म्या गावातलं कुणीही पुढे येईना. मी साहेबांना फोन केला.

"कुणाचा पाइप आहे?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"अध्यक्षांचा?" साहेबांनी परत विचारलं. "मॅडम, आज पाडवा आहे. सणाच्या दिवशी पंचनामा बरा दिसत नाही."

"साहेब, पाइप सणाच्या दिवशीही चालू आहे."

"बघा तुम्ही. योग्य ते करा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

कॅप्टन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "मॅडम, लिहा तुम्ही."

"लिहीन. पण नाव कुणाचं लिहू? जमीन कुणाच्या नावावर आहे?"

"सातबारावर दोघांची नावं आहेत. त्याचं आणि माझं."

मला वाटलं त्यांच्या लक्षात आलं नसेल. "म्हणजे केस दोघांवर होईल, कॅप्टन. तुमच्यावरही."

"बाग माझी, तर पाइप पण माझा. लिहा."

नामदेवराव वरून म्हणाले, "दादा, येडा झालास का?" कॅप्टननी माझ्या हातातला पेन घेतला आणि कोऱ्या पंचनाम्याखाली, मी अजून काही लिहिलेलं नसताना, मालक म्हणून सही केली. त्यानंतर गर्दीतून दोन म्हातारे पुढे आले आणि पंच व्हायला तयार झाले. मोठ्या भावाने सही केल्यावर बाकीच्यांची भीड गेली असावी. नामदेवरावांनी सही केली नाही. हार तिथल्या खुर्चीवर ठेवला आणि ते घराकडे निघून गेले.

आम्ही मातीची पोती भरून पाइपचं तोंड बुजवलं. रेवणसिद्धने सगळ्यात जास्त पोती उचलली आणि सगळ्यांना दिसतील अशी उचलली. ऊन उतरेपर्यंत होडी जागेवर हलायला लागली होती. पाणी चढत होतं. कॅप्टन तिथेच काठावरच्या देवळात राहणार होते. दोनशे पावलांवर स्वतःचं घर होतं, पण तिकडे गेले नाहीत. घरून कुणी बोलवायलाही आलं नाही. मी जीपने सोलापूरला परत आले.

भाऊबीजेच्या सकाळी पाणी चांगलं होतं. वारा मात्र पडला होता, रेवणसिद्धने पहिला तुकडा दोरीने ओढला. कॅप्टन फारसं बोलत नव्हते. एकदा म्हणाले, "जहाजावर एखाद्याची चूक सापडली तर सोपं असतं. पुढच्या बंदरात तो उतरतो."

निंबगावच्या अलीकडे कालव्यात पाणी आमच्याबरोबरच चाललं होतं. कोरड्या कालव्यात पहिलं पाणी येतं तेव्हा ते पाण्यासारखं दिसत नाही. पुढे फेस, पालापाचोळा, किडे, चपलेचा तुकडा, असं सगळं ढकलत, जमिनीला विचारत विचारत येतं. आम्ही त्याच्या मागे होतो, आणि ते जितकं पसरे तितकं उथळ होई. शेवटचं दार दिसायला लागलं तिथे होडी गाळात रुतली. वारा आता आला होता. शीड फुगलं होतं. होडी हलत नव्हती.

टेलचे शेतकरी काठावर उभे होते. महादेवअण्णा पुढे.

"अण्णा, पाणी आलं," मी म्हटलं. त्यांच्या पायाशीच येत होतं.

"पाणी आलंय," अण्णा म्हणाले. "होडी न्हाई आली. ठरलं होतं होडीचं."

अण्णांनी धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले. त्यांच्यामागे बाकीचे. सगळ्यांनी मिळून होडी गाळातून रेटली. कॅप्टन आत उभे, शिडाची दोरी हातात. होडी शेवटच्या दाराला लागली. शीड वर होतं आणि वारा होता, त्यामुळे ती शिडाने आली असं म्हणायला अण्णांची हरकत नव्हती.

आक्का काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघे गेलेले, म्हणून लेकाने खुर्चीसकट आणलं होतं. मांडीवर ओवाळणीचं ताट. कॅप्टन चिखलाने माखलेले त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"लई येळ लावलास दिगू," आक्का म्हणाल्या.

कॅप्टन खाली बसले. आक्कांनी त्यांच्या कपाळाचा चिखल पदराने पुसला, तिथे कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताट खाली न ठेवता विचारलं, "नामा कुटाय?"

कॅप्टन खाली बघत होते. शेवटी मी म्हटलं, "ते आले नाहीत."

"पाइपाचं कळलं व्हय तुमाला?"

मी आणि कॅप्टननी एकदमच वर पाहिलं.

"तुला माहीत होतं, आक्का?"

"न्हाई कसं? म्हायेरची माणसं येत्यात-जात्यात की. हितल्या निम्म्या बाया वरच्या गावांतनंच दिल्यात. ज्याचा त्याचा भाऊ वर बसलाय."

"मग सांगायचं नाहीस? टेलची माणसं ऑफिसात बसली, तक्रारी केल्या."

"माज्याकडं पण आली हुती सही मागायला. म्या न्हाई केली. पाणी काय, आज न्हाई तर उद्या येतंय. म्हायेर गेलं म्हंजे कुटनं आणायचं?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव लिवलं का त्याचं?"

"लिहिलं. दोघांचंही."

त्यांनी कॅप्टनकडे बराच वेळ पाहिलं. शाबासकी दिली नाही, रागावल्याही नाहीत. लेकाला सांगून घरातून एक स्टीलचा डबा आणवला आणि माझ्या हातात दिला. "जाताना धोंडेवाडीवरनंच जाशीला न्हवं? त्याला द्या. करंज्या हायत. त्याला खोबऱ्याच्या लागत्यात."

सरकारी नोकरीत मी बरीच कागदपत्रं पोचवली आहेत. ज्याच्यावर केस केली त्याला, ज्याचं पाणी गेलं त्याच्याकडून करंज्या, हे मात्र पहिलंच होतं. नियमात बसतं का, ते मी साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी दोन ड्राफ्ट मागितले असते.

नामदेवराव गोठ्यापाशी उभे होते. मी डबा पुढे केला. "आक्कांनी दिलाय."

त्यांनी झाकण उघडलं. आतलं बघितलं. उभ्या उभ्याच एक करंजी काढून खाल्ली, सावकाश. मग दुसरी घेतली.

"खातोय म्हंजे कबूल केलं, आसं काय लिवू नका," ते म्हणाले. पण त्यांनी डोळे गोठ्याकडे वळवले.

सिमेंटचा पाइप त्यांनी पुढच्या पाळीच्या आत स्वतः काढला. दिवसाढवळ्या, जेसीबी लावून, अख्खं गाव बघत असताना. दुसऱ्या दिवशी रेवणसिद्धने मला त्या जागेचा फोटो पाठवला. नुसती माती होती. डाळिंबाला आता विहिरीवरून ठिबक केलंय. बाग थोडी कमी झाली. केस दोन्ही भावांवर चालली, दोघांना दंड झाला आणि दोघे तो भरायला एकाच गाडीतून आले. गाडीत काय बोलले ते मला माहीत नाही. बाहेर पडताना नामदेवराव चहाचं विचारत होते आणि कॅप्टन नको म्हणत होते, आणि शेवटी प्यायले.

बाकीच्या पाइपांपैकी आम्ही जेवढे उपटले त्यातले काही परत बसले. ते परत बसतातच. माझी बदली झाली नाही. बदलीचं बोलणं कुणी काढलं होतं हेही आता कुणाला आठवत नाही. बिराजदार साहेबांनी वर जो अहवाल पाठवला त्यात होडीचा उल्लेख "जलमार्गे तपासणी" असा आहे. त्याबद्दल खात्याचं कौतुक झालं. निंबगावला प्रत्येक पाळीला पाणी पोचतं असं मी म्हणणार नाही. पूर्वीपेक्षा जास्त वेळा पोचतं.

नवीन पोरं ज्युनिअर इंजिनिअर म्हणून येतात तेव्हा मी त्यांना कालवा दाखवायला नेते. पाण्याची घट शोधायची तर हेडपासून टेलपर्यंत गेज वाचत जावं, असं पुस्तकात आहे आणि ते चुकीचं नाही. मी त्यांना त्याआधी टेलच्या गावात बसवते. बायका भाकरी करत असल्या तरी बोलतात. पाण्याचं विचारलं तर गप्प बसतात, म्हणून त्यांना पाण्याचं विचारायचं नाही. माहेर कुठलं, एवढंच विचारायचं, आणि मग त्या गावच्या बांधाशी जाऊन खाली पाण्यात उतरायचं.